वजन नॉर्मल, पोट पुढे, एचबीए१सी ६.१ : यात जीन्सचा दोष किती?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मधूनच वाचायला आलेल्यांना संदर्भ लागेल. वय ३४, उंची १७० सेंमी, वजन ६८ किलो, दिवसभर खुर्चीत बसून कोडिंग, वडिलांना ४५व्या वर्षापासून शुगर. कंपनीच्या चेकअपमध्ये एचबीए१सी (म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) ६.१ आलं, म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, पोटाचा घेर ३७ इंच. त्यात कुठेतरी बातमी वाचली की डायबेटिसवाल्यांच्या पोटाच्या चरबीत काही जीन्स चालू असतात, काही बंद पडलेले असतात. म्हणून विचारताय की हे सगळं आधीच लिहिलेलं आहे का, १५ हजारांची जीन टेस्ट करू का, आणि पोटावरची चरबी सरळ काढूनच टाकली तर? आणि शेवटी एका ओळीत, बायको पाच महिन्यांची प्रेग्नंट आहे, बाळाला पण हे जाणार का. मला वाटतं खरी काळजी त्या शेवटच्या ओळीत आहे, त्यामुळे तिथपर्यंत येतोच, पण आधी बाकीचं.

मी फिजिशियन आहे, २२ वर्षं प्रॅक्टिस, ओपीडीत निम्म्याहून जास्त पेशंट शुगरचे. लॅबमध्ये बसून संशोधन करणारा मी नाही, पण हा विषय नादाने वाचत आलोय, कारण माझं स्वतःचं पोट एकेकाळी ३९ इंच होतं आणि मी पेशंटना वजन कमी करा सांगत होतो तेव्हा ते माझ्या पोटाकडे बघायचे.

तर पहिलं, जीन "असणं" आणि जीन "चालू असणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची खिचडी होते. (जीन्स म्हणजे पँट नव्हे, जरी दोन्हीचा संबंध शेवटी कंबरेशीच आला तरी.) तुमच्या शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत तेच सुमारे २० हजार जीन्स आहेत, डोळ्यात तेच, लिव्हरमध्ये तेच, पोटाच्या चरबीत पण तेच. मसाल्याचा डबा एकच असतो हो घरात, पण वरणाला हिंग-हळद निघते आणि मटणाच्या रश्श्याला दुसऱ्याच वाट्या उघडतात. कुठल्या पेशीत कुठली वाटी किती उघडली आहे, याला जीनची अॅक्टिव्हिटी म्हणायचं. डबा आईवडिलांकडून येतो, तो बदलत नाही. वाट्या मात्र जेवण, झोप, व्यायाम, औषधं, स्ट्रेस, वय या सगळ्याने उघडझाप होत राहतात. म्हणजे "चरबीतले जीन्स बंद पडलेले आढळले" या बातमीचा अर्थ "जन्मतः बिघडलेले जीन्स" असा घ्यायचा नाही.

याचा सगळ्यात चांगला पुरावा मला जुळ्यांचा वाटतो. स्कॅन्डिनेव्हियात अशा एकसारख्या जुळ्या जोड्या शोधल्या की ज्यात एकाला टाइप २ डायबेटिस आहे आणि दुसऱ्याला नाही, आणि दोघांच्या चरबीचे नमुने तपासले, २०१४ मध्ये ते काम छापून आलं. डबा शंभर टक्के तोच. तरी डायबेटिसवाल्या भावाच्या चरबीत सूज वाढवणारे जीन्स जास्त चालू होते आणि साखर-चरबी जाळून एनर्जी करणारे जीन्स थंडावले होते. मग यात नशिबाचं काय राहिलं?

आता थांबा, लगेच खूश पण होऊ नका, कारण इथे कोंबडी आधी की अंडं हा प्रश्न आहेच. रक्तात साखर आणि इन्सुलिन वाढलं की त्याने पण चरबीतल्या वाट्या बदलतात. मग जे दिसतंय ते कारण आहे की परिणाम? शिवाय चरबीचा तुकडा म्हणजे नुसत्या चरबीच्या पेशी नसतात, त्यात रक्तवाहिन्या असतात, कच्च्या पेशी असतात आणि मॅक्रोफेज नावाच्या सफाई कामगार पेशी पण असतात. वजन वाढलं की या मॅक्रोफेज चरबीत गर्दी करतात, हे २००३ मध्ये दोन वेगवेगळ्या टीम्सनी दाखवलं. मग अख्खा तुकडा मिक्सरमध्ये घालून मोजलं की "सुजेचे जीन्स वाढले" असं दिसणारच, कारण कदाचित कुठल्या पेशीने काहीच बदललेलं नाही, फक्त गर्दी बदलली आहे! आणि अजून एक, पोटाच्या आतली, आतड्यांभोवतीची चरबी अशी सुईने सहज काढता येत नाही. पित्ताशयाचं किंवा वजन कमी करायचं ऑपरेशन चालू असताना सर्जन तुकडा घेतो. नाभीशेजारी सुई घालून निघते ती कातडीखालची चरबी. त्यामुळे बातमी वाचताना पहिलं बघायचं की तुकडा कुठला होता आणि कोणाचा होता, ३४ वर्षांच्या ६८ किलोच्या मराठी माणसाचा तो बहुतेक वेळा नसतो.

तरी काही गोष्टींबद्दल आता फारशी शंका उरलेली नाही. चरबीची पेशी नुसती पिशवी नाही, ती ग्रंथीसारखी रक्तात संदेश सोडते. १९९३ मध्ये उंदरांच्या चरबीत टीएनएफ अल्फा हा सूज आणणारा पदार्थ सापडला जो इन्सुलिनचं काम अडवतो, १९९४ मध्ये लेप्टिनचा जीन सापडला जो मेंदूला "पुरे आता" सांगतो. आणि अॅडिपोनेक्टिन नावाचा एक भला संदेश आहे जो लिव्हर आणि स्नायूंना इन्सुलिनचं ऐकायला लावतो. गंमत अशी की अॅडिपोनेक्टिन तयार करते ती चरबीच, पण पोटाची चरबी वाढली की ते वाढण्याऐवजी कमी होतं.

यावरून मी पेशंटना जे सांगतो ते तुम्हाला पण सांगतो. चरबी असणं हा प्रॉब्लेम नाही, चरबीने आपलं काम न करणं हा प्रॉब्लेम आहे. माझ्या आजोळी कणगी होती. पीक आलं की धान्य कणगीत, कणगी शाबूत तर घर शाबूत. एका वर्षी पीक जास्त आलं, कणगी भरली, मग पोती माजघरात, मग स्वयंपाकघरात, शेवटी देवघराच्या दारात, आणि उंदीर सगळ्या घरभर. मांड्या, नितंब, कातडीखालची चरबी ही शरीराची कणगी. ती नवीन पेशी तयार करून वाढू शकली तर माणूस जाड दिसतो पण शुगर बरीच वर्षं नॉर्मल राहू शकते, असे पेशंट मी खूप बघितलेत, मोठ्या बांध्याच्या बायका विशेषतः. ज्याची कणगीच छोटी, त्याचं धान्य पोटाच्या आत, लिव्हरमध्ये, स्नायूंमध्ये, पँक्रियाजमध्ये (म्हणजे इन्सुलिन तयार करणाऱ्या स्वादुपिंडात) जाऊन पडतं. आतल्या चरबीचं रक्त तर थेट लिव्हरकडेच जातं, वाटेत कुठे थांबा नाही.

ही कणगी किती मोठी होणार हे ठरवणारा एक मुख्य जीन आहे, त्याचं नाव पीपीएआर गॅमा. कच्च्या पेशीची चरबीची पेशी करायचं बटण म्हणा ना. पायोग्लिटाझोन नावाची गोळी हेच बटण दाबते. माझ्याकडे एक सर होते, निवृत्त शिक्षक, त्यांना ही गोळी दिल्यावर तीन महिन्यांत वजन तीन किलो वाढलं आणि एचबीए१सी ८.४ वरून ७.१ वर आलं, ते रागावून आले की डॉक्टर तुम्ही म्हणता वजन वाढलं की शुगर वाढते मग हे काय. मला त्यांना समजावताना कणगीच आठवली, गोळीने कणगी मोठी केली, देवघरातली पोती परत जागेवर गेली. (ही गोळी आपल्याकडे २०१३ मध्ये काही आठवडे बंद झाली आणि परत आली. पाणी धरणं, हार्ट फेल्युअर, हाडं असे तिचे त्रास आहेत, त्यामुळे वाचून कोणी मेडिकलमध्ये जाऊन मागू नका.)

उलटं टोक पण बघितलंय. एक तरुण मुलगी आली, हातापायाच्या शिरा दिसतायत, दंड एकदम कमावलेले, मी मूर्खासारखं विचारलं जिम करतेस का. तिला लिपोडिस्ट्रॉफी होती, म्हणजे हातापायावर चरबी साठवायची सोयच जवळपास नाही. कणगीच नाही. शुगर ३५० आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) हजाराच्या वर. चरबी नसूनही जबरदस्त डायबेटिस होतो हे त्या मुलीने मला जितकं शिकवलं तितकं पुस्तकाने नाही. हा आजार क्वचित आढळतो, पण त्याचीच सौम्य आवृत्ती आपल्यात खूप जणांत आहे असं दिसतं. २०१७ मध्ये मोठ्या अभ्यासात जीन्सच्या नकाशावर ५३ जागा सापडल्या ज्या इन्सुलिन रेझिस्टन्सशी, म्हणजे शरीराने इन्सुलिनचं न ऐकण्याशी, जोडलेल्या आहेत आणि त्यांचा सूर तोच, हातापायावर-नितंबावर चरबी साठवायची ताकद कमी. हे जन्मापासूनचं आहे त्यामुळे साखर वाढल्याचा परिणाम असू शकत नाही. म्हणजे कोंबडी-अंड्याच्या प्रश्नात निदान काही भाग कारणाचा आहे हे नक्की.

आता तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३.५ आणि तरी हे का, तर याची गोष्ट पुण्यातलीच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला. दोघांचा बीएमआय २२.३, बघायला दोघंही सडपातळ. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी वायवरून वाय-वाय पॅराडॉक्स म्हणून तो फोटो जगभर शिकवतात. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ पासूनच जास्त धरतात आणि पोटाची मर्यादा पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८०. तुमचं ३७ इंच म्हणजे ९४ सेंमी. साधा हिशोब हवा तर पोट उंचीच्या निम्म्यात पाहिजे, तुमच्यासाठी ८५. आणि हो, पँटचा नंबर ३४ आहे असं तुम्ही लिहिलंय, तो पोटाच्या खालून घातलेल्या पँटचा नंबर आहे, त्याला काही अर्थ नाही.

जीन टेस्ट. माझं स्पष्ट मत, नको. टाइप २ शी जोडलेल्या जीन्सच्या शेकडो जागा माहीत आहेत आणि प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. त्यातला सगळ्यात जोरकस समजला जाणारा टीसीएफ७एल२, तो २००६ मध्ये सापडला, तो सुद्धा एका कॉपीमागे धोका दीडपटीच्या आतच वाढवतो आणि तो मुख्यतः पँक्रियाजचा मामला आहे, चरबीचा नाहीच. आणि ही टेस्ट थुंकीतून किंवा रक्तातून डबा तपासते, पोटाच्या चरबीत कुठल्या वाट्या उघड्यात हे तिला दिसतच नाही! वडिलांना ४५ला शुगर आणि तुमचं पोट ९४ ही माहिती फुकट आहे आणि जास्त उपयोगाची आहे. अपवाद एक, विशीच्या आसपास शुगर, बांधा बारीक, आजोबा-वडील-मुलगा सगळ्यांना तरुणपणीच, अशी केस असेल तर एकाच जीनमुळे होणारा डायबेटिस असू शकतो, तिथे टेस्टने औषध बदलू शकतं. तुमची ती केस दिसत नाही.

लायपोसक्शन. हे करून बघितलंय लोकांनी. २००४ मध्ये अमेरिकेत १५ लठ्ठ बायकांची पोटावरची सरासरी ९-१० किलो चरबी काढली आणि १०-१२ आठवड्यांनी मोजलं, इन्सुलिनचं काम काडीचं सुधारलं नाही. का ते आता तुम्हीच सांगाल, कणगी फोडली, पोती देवघरात तशीच.

मग काय केलं की आतल्या वाट्या बदलतात? इथे मला स्वीडनमधल्या लुंडचा अभ्यास आवडतो, २०१३ चा. २३ बैठे पुरुष, सहा महिने व्यायाम, आणि आधी-नंतर चरबीचे नमुने. डीएनएवर मिथाइल नावाच्या खुणा असतात, वाटीवरचं झाकण समजा, त्या खुणा ७,६६३ जीन्समध्ये बदललेल्या निघाल्या, त्यात डायबेटिसशी जोडलेले पण होते. आणि हे पुरुष काही रोज जात नव्हते, सरासरी आठवड्यातून दोनदाही भरत नाही. अर्थात झाकण बदललं म्हणजे शुगर तेवढ्याने सुधारली असं नाही, पण चरबी ऐकत असते एवढं तरी त्यातून कळतं.

वाईट बातमी पण सांगतो, नाहीतर अर्धवट होईल. २०२४ च्या शेवटी झुरिकच्या टीमने दाखवलं की लठ्ठपणाची आठवण चरबीच्या पेशीत वजन उतरल्यावरही राहते, माणसांत वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर दोन वर्षांनी पण काही जीन्स जुन्याच चालीने चालत होते. मला हे वाचून हायसं वाटलं, खरंच, कारण इतकी वर्षं पेशंटचं वजन परत वाढलं की मी मनातल्या मनात त्यालाच दोष द्यायचो. ३९ वरून मी ३५ वर आलो आणि दोन दिवाळ्यांत परत ३७ वर गेलो तेव्हा काय ते कळलं. तुमच्या बाबतीत फायदा हा की वय ३४ आहे आणि पोट वाढून, तुम्हीच म्हणता तसं, चार-पाच वर्षंच झालीत.

आता करायचं काय. आधी ६.१ खरं आहे का ते बघा. हिमोग्लोबिन तपासलंय का? लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी उगाच जास्त दिसतं, थॅलेसेमिया किंवा सिकल सेलचा गुण असेल तर आकडा भलताच येऊ शकतो. म्हणून उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी अशी शुगर करा, सोबत लिपिड (रक्तातली चरबी), एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) आणि पोटाची सोनोग्राफी. लिव्हरमध्ये चरबी निघाली तर पोती कुठे पडलीत ते कळलंच. मानेची कातडी मागून काळसर आणि मखमली झाली आहे का (ती इन्सुलिन रेझिस्टन्सची खूण) आरशात बघा, बायकोला बघायला सांगा. आणि दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी कुठली पुडी किंवा "आयुर्वेदिक" गोळी चालू आहे का? त्यात स्टेरॉइड मिसळलेलं मी कित्येकदा पकडलंय, आणि स्टेरॉइड हा पदार्थच असा की तो थेट पेशीत जाऊन जीन्स चालू-बंद करतो, आतली चरबी त्याला जास्तच दाद देते.

हे सगळं अपेक्षेसारखं निघालं तर तुमचं टार्गेट पाच किलो, २५ नाही. अमेरिकेच्या २००२ च्या मोठ्या ट्रायलमध्ये ७ टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं हे टार्गेट होतं, त्याने डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या शुगरच्या नेहमीच्या गोळीने ३१. आपल्याकडे चेन्नईला २००६ मध्ये तसंच केलं तेव्हा आहार-व्यायामाने २८.५ आणि मेटफॉर्मिनने २६.४. म्हणजे आपल्यात फायदा कमी दिसला, पण झाला. गोळी घ्यायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांशी बोला, लांबून मी ठरवणार नाही.

खाण्याचं सांगतो, तुम्ही दिलेल्या दिवसावरून. सकाळी पोहे, ११ला चहा-बिस्किट, डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, ५ला परत चहा-बिस्किट, रात्री साडेदहाला भात. या सगळ्या दिवसात प्रोटीन कुठे आहे? मला तर दिसलं नाही. उसळ, अंडी, दही, पनीर, मासे, जे चालतं ते दोन्ही जेवणांत आणा, पोळ्या दोन करा, बिस्किटं बंद, रात्रीचं जेवण आठ-साडेआठला. ज्वारीची भाकरी चांगली, पण भाकरी म्हणून चार खाल्ल्या तर हिशोब तोच. जेवण झाल्यावर १५ मिनिटं शतपावली. आणि आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला, नुसतं चालून भागणार नाही, कारण आपल्यात मुळात स्नायू कमी आणि खाल्लेली साखर सगळ्यात जास्त जिरवतो तो स्नायूच. जिम नको असेल तर उठाबशा, जोर, पाठीवर पोराला घेऊन जिना, काहीही. पोर चार महिन्यांत येतंयच.

आता ते पोर. याज्ञिकांच्याच टीमने पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केलाय. तिथली बाळं जन्माला सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची, पण आपल्या बाळांत कमी होतं ते स्नायू आणि पोटातले अवयव, चरबी त्या मानाने बरीच टिकलेली. म्हणजे कणगी-पोत्यांचा हिशोब पोटातच सुरू होतो. आणि ज्या आयांना बी१२ कमी आणि फोलेट जास्त होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स जास्त दिसला. डबा तुमच्याकडून गेलाय, निम्मा, त्याचं आता काही करता येत नाही, पण वाट्यांच्या बाबतीत अजून चार महिने हातात आहेत आणि तिथे तुमच्यापेक्षा बायकोचे रिपोर्ट महत्त्वाचे. तिची ग्लुकोज पिऊन करायची शुगर टेस्ट झाली का, बी१२ बघितलंय का (शाकाहारी असाल तर विचाराच), हिमोग्लोबिन किती, हे पुढच्या व्हिजिटला तिच्या डॉक्टरांना विचारा. फोलिक अॅसिड मात्र हे वाचून बंद करू नका, ते लागतंच. आणि दोघांसाठी खा म्हणून साजूक तुपातले डिंकाचे लाडू दिवसाला तीन चालू असतील तर सासूबाईंना माझं नाव सांगा.

तीन महिन्यांनी एचबीए१सी परत करा, त्याआधी करू नका, आकडा हलणार नाही आणि उगाच खचाल. टेप मात्र दर रविवारी, सकाळी, श्वास सोडून, नाभीच्या लेव्हलला, दर वेळी त्याच जागी. पोट आत ओढायचं नाही. इथे आकडा टाकाल तेव्हा ओढून घेतलेला टाकू नका, मी स्वतः बरीच वर्षं ओढलेलाच लिहीत होतो.